हौसेचे मोल : कोल्हापूरच्या तालीम-फुटबॉलचा हौशी कालखंड आणि गिरण्यांचे सोलापूर

प्रास्ताविक

महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासलेखनात खेळाला फार थोडी जागा मिळालेली आहे. कुस्तीचा विचार राजाश्रयाच्या संदर्भात आणि क्रिकेटचा विचार मुंबईच्या संदर्भात झाला. फुटबॉल मात्र बंगाल आणि गोवा यांचा खेळ मानला गेला. दक्षिण महाराष्ट्रातील कोल्हापूर हे या समजाला ठळक अपवाद आहे. तेथे फुटबॉल हा पेठेचा खेळ आहे. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावे तेथील आबालवृद्धांच्या ओठी असतात. यांपैकी अनेक नावांत 'तालीम' हा शब्द आहे. ज्या संस्थेचा जन्म कुस्तीच्या लाल मातीत झाला, तिने एक विलायती मैदानी खेळ आपला मानावा, ही घटना इतिहासाच्या अभ्यासकाला विचार करावयास लावणारी आहे.

सोलापूरच्या अभ्यासकासमोर हा प्रश्न आणखी एका बाजूने उभा राहतो. इंग्लंडमध्ये फुटबॉल लोकांचा खेळ झाला तो लँकेशायरच्या कापडगिरण्यांच्या गावांमधून. या न्यायाने पाहिल्यास आपल्या भागात त्याची मुळे सोलापुरात रुजावयास हवी होती. येथे १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग कंपनीची, म्हणजे लोकांच्या बोलीतील 'जुन्या गिरणी'ची, चाके फिरू लागली. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू आणि जाम या गिरण्या उभ्या राहिल्या. यांपैकी जाम मिलने तर नवानगरचे जामसाहेब, विख्यात क्रिकेटपटू रणजितसिंहजी यांचे नाव धारण केले होते. असे असूनही कोल्हापूरसारखी पेठनिहाय फुटबॉल परंपरा सोलापुरात आकारास आली नाही. गिरणीकामगारांच्या शहरात जे घडले नाही ते संस्थानी राजधानीत का घडले, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

अभ्यासाची दिशा

खेळाच्या इतिहासात आरंभीच्या काळाला 'हौशी कालखंड' म्हणण्याची प्रथा आहे. खेळाडू पैशासाठी खेळत नव्हते, केवळ प्रेमापोटी खेळत होते, असा त्याचा रूढ अर्थ. आपल्याकडे 'हौसेला मोल नसते' असेही म्हटले जाते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे की, हौसेला मोल असतेच. ते कोण चुकवितो एवढाच प्रश्न असतो. कोणत्याही हौशी संघाला तीन गोष्टी लागतात : खेळावयास मोकळा वेळ, खेळावयास जागा आणि चेंडू, पोशाख, प्रवास यांचा खर्च. या तीन गोष्टींची व्यवस्था ज्या समाजात लागते तेथे क्लब टिकतो. जेथे ती लागत नाही तेथे कितीही आवड असली तरी संघ एका पिढीपलीकडे जात नाही. या दृष्टीने प्रथम इंग्लंडमधील, नंतर मुंबई व सोलापूर येथील आणि अखेरीस कोल्हापुरातील परिस्थितीचा विचार येथे केला आहे. सामन्यांचे निकाल आणि चषकांच्या याद्या हा या लेखाचा विषय नाही.

'हौशी' या कल्पनेचा वर्गीय उगम

इंग्लंडमध्ये १८६३ साली फुटबॉल असोसिएशनची स्थापना झाली तेव्हा हा खेळ प्रामुख्याने श्रीमंतांच्या निवासी शाळांतून शिकून बाहेर पडलेल्या तरुणांच्या हाती होता. त्यांच्या दृष्टीने हौशी असणे हे सद्गृहस्थाचे लक्षण होते. या कल्पनेमागील वर्गभेद नौकानयनाच्या क्षेत्रात उघडपणे दिसतो. हेन्ली येथील नौकास्पर्धेच्या १८७९ मधील नियमांनी मजुरीवर काम करणारे कारागीर, यंत्रकामगार आणि मजूर यांना हौशी खेळाडूंच्या व्याख्येतूनच वगळले होते. पैसे घेऊन खेळतो म्हणून नव्हे, तर हाताने काम करून पोट भरतो म्हणून माणूस हौशी ठरत नव्हता. 'हौशी' या निरागस भासणाऱ्या शब्दाचा हा इतिहास ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

फुटबॉलमध्ये मात्र या भिंतीला लवकरच तडा गेला. ३१ मार्च १८८३ रोजी झालेल्या एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यात ब्लॅकबर्न ऑलिम्पिक या लँकेशायरच्या संघाने ओल्ड इटोनियन्स या उच्चभ्रूंच्या संघाला जादा वेळेत २-१ असे पराभूत केले. विजयी गोल करणारा जिमी कॉस्टली हा सूतगिरणीत काम करणारा तरुण होता. त्याच्या संघात विणकर आणि अन्य कामगार होते. सामन्यापूर्वी हा संघ सरावासाठी समुद्रकाठच्या ब्लॅकपूल येथे जाऊन राहिला होता. मजुरी बुडवून गिरणीकामगारांना असे राहणे परवडले, कारण लोखंडाच्या ओतशाळेचे मालक सिडनी येट्स यांनी त्या संघाला आर्थिक बळ दिले होते. हौस खेळाडूंची होती आणि मोल दुसऱ्याने चुकविले होते. दोन वर्षांनी, १८८५ मध्ये, असोसिएशनला व्यावसायिक खेळाडूंना मान्यता द्यावी लागली. १८८८ मध्ये बारा संघांची फुटबॉल लीग सुरू झाली. हे बाराही संघ लँकेशायर व मध्य इंग्लंडच्या औद्योगिक पट्ट्यातील होते.

खर्चाची सोय मालकांनी केली, परंतु वेळेची सोय कायद्याने झाली. १८५० च्या कारखाना कायद्यानुसार कापडगिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन कामगार यांचे शनिवारचे काम दुपारी दोन वाजता थांबविणे बंधनकारक झाले. त्यांच्यावाचून गिरणी चालविणे कठीण असल्याने व्यवहारात पुरुष कामगारांनाही ही मोकळीक मिळाली. १८७४ च्या कायद्याने ही वेळ आणखी अलीकडे आणली. लँकेशायरच्या कामगाराला आठवड्यातून एक उजेडाची दुपार मिळाली आणि त्या दुपारी तो मैदानावर गेला. शनिवारी दुपारचा सामना ही इंग्लिश फुटबॉलची रूढी या अर्ध्या सुटीतून जन्मली. गिरणीने फुटबॉल निर्माण केला असे म्हणण्यापेक्षा गिरणीतून मिळालेल्या सुटीने तो निर्माण केला, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

मुंबई इलाखा : रविवारसाठी झगडणारा कामगार

हिंदुस्थानात फुटबॉल आला तो लष्करी पलटणी, मिशनरी शाळा आणि महाविद्यालये यांच्या मार्गाने. १८८८ मध्ये सिमला येथे ड्युरँड चषक आणि १८९१ मध्ये मुंबईत रोव्हर्स चषक सुरू झाला. आरंभी या स्पर्धा गोऱ्या पलटणींच्याच होत्या. २९ जुलै १९११ रोजी कलकत्त्याच्या मोहनबागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव करून आय. एफ. ए. शिल्ड जिंकली. त्या संघातील सुधीर चॅटर्जी वगळता सर्व खेळाडू अनवाणी खेळले होते. हे खेळाडू बहुतांशी सुशिक्षित मध्यमवर्गातील होते. कार्यालय वा महाविद्यालय सुटल्यावर त्यांना मैदानावर जाता येत असे. मुंबईच्या रोव्हर्स चषकावर भारतीय नागरी संघाचे नाव कोरले जाण्यास १९३७ साल उजाडावे लागले. तो मान बंगळूरच्या 'बंगलोर मुस्लिम्स' या संघाला मिळाला.

याच काळात मुंबई इलाख्यातील गिरणीकामगाराची स्थिती काय होती? नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन स्थापन करून कामगारांच्या मागण्या मांडल्या. त्यांत आठवड्याची एक सुटी ही प्रमुख मागणी होती. १८९० च्या एप्रिल महिन्यात मुंबईत कामगारांची प्रचंड सभा झाली आणि त्याच वर्षी १० जून रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. १८९१ च्या कारखाना कायद्याने साप्ताहिक सुटीला कायद्याचा आधार मिळाला. म्हणजे ज्या वर्षी मुंबईत रोव्हर्स चषकाचा पहिला सामना खेळला गेला, त्याच वर्षी कामगाराला आठवड्यातून एक दिवस विश्रांतीचा हक्क मिळाला. हे दोन्ही प्रसंग एकाच शहरातील, परंतु दोन निराळ्या जगांतील होत.

पुढील कायद्यांचा क्रमही बोलका आहे. प्रौढ पुरुष कामगारांच्या तासांवर पहिली मर्यादा आली ती १९११ च्या कायद्याने, आणि तीही कापडगिरण्यांपुरती दिवसाला बारा तासांची. १९२२ च्या कायद्याने दिवसाला अकरा व आठवड्याला साठ तास, १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत दिवसाला दहा व आठवड्याला चोपन्न तास आणि १९४८ च्या कायद्याने नऊ व अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा ठरली. या संपूर्ण वाटचालीत लँकेशायरसारखी शनिवारच्या अर्ध्या दिवसाची सार्वत्रिक सुटी भारतीय कामगाराच्या वाट्याला आली नाही. फुटबॉल हा दिवसाउजेडी, संपूर्ण संघाने एकत्र येऊन खेळावयाचा खेळ आहे. बारा तासांच्या पाळीनंतर भजन होऊ शकते, लेझमीचा डाव रंगू शकतो, मेळ्याची तालीम होऊ शकते. कारण या गोष्टींना रात्र चालते आणि गल्ली पुरते. अकरा जणांचा चेंडूचा सराव रात्री कंदिलाच्या प्रकाशात होत नाही.

सोलापूर : जागा होती, वेळ नव्हता

सोलापूरच्या बाबतीत जागेचा अभाव हे कारण संभवत नाही. भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर तलाव आणि त्यांच्या परिसरातील होम मैदान, पार्क मैदान ही शहराची मोकळी अंगणेच होत. होम मैदानावर श्री सिद्धेश्वरांच्या यात्रेतील गड्डा भरतो, तर पार्क मैदानाने क्रिकेटचे सामने पाहिले आहेत. भारताचे एकेकाळचे कर्णधार पॉली उम्रीगर यांचा जन्मही १९२६ साली सोलापुरातच झाला. तेव्हा या शहराला मैदानी खेळांचे वावडे होते असे म्हणता येणार नाही.

उणीव होती ती वेळेची आणि वेळेवरील स्वामित्वाची. सोलापूरच्या श्रमिकांचे स्थूलमानाने तीन वर्ग दिसतात. पहिला गिरणीकामगारांचा. त्याचा दिवस भोंग्याने सुरू होई आणि भोंग्याने संपे. साप्ताहिक सुटीच्या एका दिवसात बाजार, घरकाम, आजारपण, लग्नकार्य आणि गावाकडची फेरी हे सर्व उरकावे लागे. दुसरा वर्ग हातमाग विणकरांचा. यांत तेलंगणातून येऊन स्थायिक झालेल्या पद्मशाली समाजाचे प्रमाण मोठे होते. माग घरातच अथवा लहान कारखान्यात असल्याने कारखाना कायद्याचे तुटपुंजे संरक्षणही त्यांच्यापर्यंत क्वचितच पोहोचले. मागावर मजुरी कामाच्या मापाने मिळत असल्याने मोकळी संध्याकाळ म्हणजे बुडालेली मजुरी, असा सरळ हिशेब होता. तिसरा वर्ग सेटलमेंटमधील श्रमिकांचा. ब्रिटिश सरकारने ज्या जमातींना 'गुन्हेगार' ठरविले होते, त्यांना तारेच्या कुंपणाआड वसवून गिरण्यांत कामाला लावले गेले. हजेरीच्या जाचामुळे त्यांचे येणेजाणेच दुसऱ्याच्या हुकमावर चाले. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला; 'सेटलमेंट' हे वस्तीचे नाव मात्र सोलापुरात अद्याप त्या काळाची आठवण देते.

या तिन्ही वर्गांत बळकट शरीराचे, खेळाची आवड असलेले तरुण नव्हते असे मानण्यास कोणताही आधार नाही. सोलापुरातही तालमी होत्या व मल्ल होते. परंतु कुस्तीची मेहनत एकट्याने, पहाटे, पाळीच्या आधी करता येते. संघाचा खेळ त्यापेक्षा अधिक मागतो. अकरा जणांना एकाच वेळी मोकळीक मिळाली पाहिजे, आणि तीही आठवड्यामागून आठवडे. ही सामूहिक मोकळीक गिरणगावाच्या रचनेतच नव्हती.

कोल्हापूर : तालीम हीच क्लब

कोल्हापूरचे चित्र निराळे होते. तेथेही राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९०६ मध्ये शाहू मिलचा पाया घातला गेला. परंतु शहराचे जीवन एका उद्योगाच्या भोंग्याला बांधलेले नव्हते. दरबारची नोकरी, गुळाची बाजारपेठ, कारागिरी, शहरालगतची शेती आणि १८८० पासून राजाराम महाविद्यालयात शिकणारे विद्यार्थी अशी त्याची घडण होती. पेठेतील तरुणाच्या संध्याकाळीवर त्याचा स्वतःचा काही अधिकार होता.

त्याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे कोल्हापुरात क्लबची संस्था आधीच तयार होती. शाहू महाराजांनी १८९४ ते १९२२ या आपल्या कारकिर्दीत तालमींना व मल्लांना उदार आश्रय दिला. १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले. तालीम म्हणजे केवळ कुस्तीचा हौद नव्हे. तेथे मारुतीचे ठाणे असते, वस्तादाचा शब्द चालतो, पेठेतील भांडणे मिटतात, गणेशोत्सव व शिवजयंती साजरी होते. मोहरमच्या काळात कोल्हापूरच्या कित्येक तालमींत पंजे बसतात आणि त्यांत हिंदू-मुसलमान सारखेच सहभागी होतात. तालमीपाशी जागा होती, वर्गणी गोळा करण्याची रूढ पद्धत होती, ज्येष्ठांचे नियंत्रण होते आणि पेठेचा अभिमान होता. क्लब चालविण्यास आवश्यक असलेली सर्व सामग्री हीच. फुटबॉल आला तेव्हा त्याला नवीन घर बांधावे लागले नाही. तो तालमीत राहावयास आला.

या संघांची नावेच त्याची साक्ष देतात. 'पाटाकडील' हे नाव जागेचे आहे, 'खंडोबा' हे दैवताचे, 'बालगोपाल' हे वयाचे व भक्तीचे. इंग्लंडमधून आलेल्या खेळाने आपल्यासोबत आणलेली 'रोव्हर्स', 'युनायटेड', 'वाँडरर्स' ही नामावळी येथे चालली नाही. अपवाद 'प्रॅक्टिस क्लब'सारख्या नावाचा. तोही पेठेने आपलाच मानला. दंड-बैठकांनी कमावलेले शरीर, खुराकाची शिस्त आणि वस्तादापुढे नम्र राहण्याची सवय ही कुस्तीची पुंजी फुटबॉलच्या कामी आली. त्याबरोबरच दोन तालमींमधील ईर्षाही मैदानावर उतरली. मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ यांच्यातील चुरस हे कोल्हापूरच्या फुटबॉलचे बलस्थान आहे, आणि प्रसंगी दुखणेही.

या ईर्षेला वेळापत्रकाची शिस्त लावण्याचे कार्य १९४० मध्ये स्थापन झालेल्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनने केले. संघांची व खेळाडूंची नोंदणी, स्पर्धांचा क्रम, पंचांची नेमणूक आणि तक्रारींचा निवाडा या बाबी एका छत्राखाली आल्या. हौशी खेळ टिकण्यासाठी अशा मध्यवर्ती संस्थेची आवश्यकता असते, कारण हौशी संघाला पगाराचा करार बांधून ठेवीत नाही. त्याला सामन्याची ठरलेली तारीख बांधून ठेवते.

गिमखाना आणि तालीम : दोन नमुने

कोल्हापूरच्या या व्यवस्थेचे वेगळेपण मुंबई-पुण्याच्या गिमखान्यांशी तुलना केल्यास स्पष्ट होते. १८७५ मध्ये स्थापन झालेला बॉम्बे जिमखाना युरोपियनांपुरता होता. त्यानंतर मुंबईत पारशी, मुस्लिम व हिंदू असे धर्मवार जिमखाने निघाले. पुण्यात १९०६ मध्ये डेक्कन जिमखान्याची स्थापना झाली. या संस्थांचे प्रवेशद्वार सभासदत्वाचे होते. त्यासाठी वर्गणी, शिफारस आणि सामाजिक दर्जा यांची आवश्यकता असे.

या दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाची कथा पाळवणकर बाळू यांच्या चरित्रात आढळते. चर्मकार समाजात जन्मलेले बाळू पुण्यातील गोऱ्यांच्या क्लबात मैदानाच्या देखभालीचे काम पगारावर करीत. तेथे इंग्रज फलंदाजांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता ते आपल्या काळातील श्रेष्ठ गोलंदाज झाले. पुण्याच्या हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतले. परंतु चहाच्या वेळी त्यांना मातीच्या निराळ्या भांड्यात, इतरांपासून दूर चहा दिला जाई. ज्यांना 'हौशी' म्हणून मिरवता येत होते त्यांच्या हौसेचे मोल येथे एका पगारी नोकराच्या श्रमातून आणि मानहानीतून चुकविले जात होते.

तालमीचे प्रवेशद्वार निराळे होते. तेथे सभासदत्व जन्माने व निवासाने येई. पेठेत वाढणारा मुलगा अर्ज न भरताच तालमीचा होई. शुल्क देऊ न शकणाऱ्या मुलालाही संघात स्थान मिळण्याची शक्यता यामुळे वाढली. तथापि या मुद्द्याची मर्यादाही नोंदविली पाहिजे. आपल्या शहरांतील पेठा व गल्ल्या मुळात जातवार वसलेल्या असतात. निवासावर आधारलेली संस्था म्हणूनच संपूर्णपणे निःपक्षपाती असू शकत नाही. वस्तीच्या सीमा या संघाच्याही सीमा होतात. स्त्रिया तर या संस्थेच्या उंबऱ्याबाहेरच राहिल्या. तालीम ही गिमखान्यापेक्षा अधिक खुली होती, सर्वांना सारखीच खुली होती असे नव्हे.

राजाश्रयानंतरचा काळ

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. कोल्हापूरचा फुटबॉल केवळ राजाश्रयावर उभा असता तर या घटनेनंतर तो ओसरला असता. तसे झाले नाही. छत्रपती घराण्याचा असोसिएशनशी असलेला संबंध टिकला, परंतु संघांचा नित्याचा खर्च पेठेच्या वर्गणीवर, स्थानिक व्यापाऱ्यांच्या मदतीवर आणि कार्यकर्त्यांच्या विनामूल्य श्रमावर चालत राहिला. मैदान आखणारा, पोशाख सांभाळणारा, जखमी खेळाडूला दवाखान्यात नेणारा कार्यकर्ता हा हौशी खेळाचा खरा आधार होय. त्याचे नाव चषकावर कोरले जात नाही.

मुंबईत याच काळात हौशीपणाचे वेगळे रूप दिसू लागले. तेलकंपन्या, टाटांसारखे उद्योगसमूह, आणि पुढे मफतलाल, ओर्के यांसारखे कापडउद्योग आपले संघ बाळगू लागले. कॅलटेक्सच्या संघाने १९५८ मध्ये रोव्हर्स चषक जिंकला. या संघांतील खेळाडू कागदोपत्री हौशी, प्रत्यक्षात कंपनीचा नोकर आणि सरावासाठी कामातून मोकळीक मिळालेला असा असे. वेळ आणि पैसा या दोन्हींची तजवीज मालकाने केली. परंतु असा संघ मालकाच्या इच्छेवर जगतो. धंद्याचे गणित बदलले की तो विसर्जित होतो. मुंबईच्या फुटबॉलमधून अशी अनेक नावे नाहीशी झाली. कोल्हापूरच्या तालमींची नावे मात्र मैदानावर कायम राहिली, कारण पेठ ही दिवाळखोरीत निघत नाही.

भारतीय फुटबॉलने १९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग, २००७ मध्ये आय-लीग आणि २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग अशी व्यावसायिकतेची पावले टाकली. त्याचे पडसाद कोल्हापुरातही उमटले. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारतीय संघातून खेळला, ही या परंपरेला लाभलेली मोठी पावती होय. दुसरीकडे, बाहेरगावच्या आणि परदेशी खेळाडूंना मानधन देऊन संघात घेण्याची चढाओढ तालीम संघांत सुरू झाली. समर्थकांमधील हुल्लडबाजीचे प्रसंगही घडले. पेठेची वर्गणी पेठेबाहेरच्या पायांवर खर्च होऊ लागली की, पेठेतील मुलाचे संघातील स्थान आक्रसते. ब्लॅकबर्न ऑलिम्पिकचा शेवट या संदर्भात विसरता येत नाही. ज्या संघाने कामगारांसाठी चषकाचे दार उघडले, त्याला व्यावसायिक युगातील खर्च झेपला नाही आणि चषक जिंकल्यानंतर अवघ्या सहा वर्षांत, १८८९ मध्ये, तो बंद पडला. दार त्याने उघडले, आत गेले ते दुसरेच.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. हौशी क्लब ही केवळ खेळप्रेमाची निर्मिती नसून वेळ, जागा आणि खर्च यांच्या सामाजिक व्यवस्थेची निर्मिती आहे. यांपैकी वेळ ही सर्वांत दुर्मीळ व सर्वांत दुर्लक्षित बाब होय.

२. कापडगिरण्या व फुटबॉल यांचा संबंध आपोआप जुळणारा नाही. लँकेशायरमध्ये तो शनिवारच्या अर्ध्या सुटीने जोडला. सोलापूरच्या कामगाराला मैदान उपलब्ध होते. उजेडाची सामूहिक दुपार उपलब्ध नव्हती.

३. कोल्हापुरात तालमीच्या रूपाने क्लबची संस्था फुटबॉलपूर्वीच अस्तित्वात होती. राजाश्रयाने तिला बळ दिले. मात्र तिचे सातत्य पेठेच्या निवासाधिष्ठित सभासदत्वात आणि वर्गणीत आहे. १९४९ नंतरचा काळ याचा पुरावा आहे.

४. गिमखाना, कंपनीचा संघ आणि तालीम या तीन नमुन्यांत हौसेचे मोल चुकविणारा घटक निरनिराळा आहे : अनुक्रमे सधन सभासद, मालक आणि वस्ती. संघाचे आयुष्य या घटकाच्या स्थैर्यावर अवलंबून राहते.

या निष्कर्षांचे महत्त्व केवळ भूतकाळापुरते नाही. सोलापूर, सांगली, कोल्हापूर या भागांतील महाविद्यालयांत ग्रामीण व श्रमिक कुटुंबांतून येणारे अनेक विद्यार्थी शिक्षणाबरोबर अर्धवेळ कामही करतात. ते मैदानावर येत नाहीत याचे कारण 'आवड नाही' असे नोंदविणे सोपे असते. सायंकाळी पाच ते सात या वेळेत तो विद्यार्थी कोठे असतो, हा प्रश्न क्रीडा विभागाने विचारला तर उत्तर वेगळे मिळू शकेल. तसेच इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून तालमींच्या वर्गणीवह्या, सभावृत्तान्त, जुनी छायाचित्रे आणि वयोवृद्ध खेळाडू व निवृत्त गिरणीकामगार यांच्या मुलाखती यांचे संकलन हाती घ्यावे. हे कागद सरकारी दफ्तरखान्यात ठेवलेले नसतात. ते माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत असतात, आणि घर पाडून इमारत उभी राहिली की पेटीसह जातात. त्या वर्गणीवहीतील चार-आठ आण्यांच्या नोंदी म्हणजेच हौसेचे चुकविलेले मोल होय. इतिहासाने ते हिशेबात धरले पाहिजे.